जुन्या पोर्सिलेनवरची फुलं कशी ओळखायची आणि कशी वाचायची

चोर बाजारात मटन स्ट्रीटवर एखादी फुलांची जुनी प्लेट हातात घेतली की दुकानदार दोन गोष्टी हमखास सांगतो: 'सौ साल पुराना है' आणि 'गुलाब है, हाथ का काम है'. पहिली गोष्ट कधीकधी खरी निघते. गुलाब मात्र बहुतेक वेळा गुलाब नसतोच. ती असते पिओनी. मुंबईत कोणी वाढवत नाही असं फूल. त्याला कडाक्याची थंडी लागते, त्यामुळे आपल्या डोळ्यांना ओळख नाही. दुकानदाराची त्यात काय चूक?

गिऱ्हाइकाचं मात्र चुकतं. फूल दिसलं की तो मोबाइल काढतो, 'पिओनी म्हणजे श्रीमंती, कमळ म्हणजे पावित्र्य' अशी यादी वाचतो आणि प्लेट समजली म्हणून खूश होतो. ती यादी खोटी नसते, पण अर्धवट असते. चीनमधल्या घरासाठी रंगवलेली पिओनी, युरोपला पाठवायला रंगवलेली पिओनी आणि ती बघून जर्मनीत काढलेली पिओनी या तिघींचा अर्थ एक नाही. म्हणून माझा क्रम उलटा आहे: आधी माती, मग रंग, मग फूल, मग त्याच्या शेजारी कोण बसलंय ते, आणि अर्थ सगळ्यात शेवटी.

माती

आपण सगळ्यालाच 'चिनी माती' म्हणतो. लोणच्याची पांढरी-तपकिरी बरणी, बाथरूमची टाइल, आजीचा चहाचा सेट, सगळं एकाच नावात. पण लोणच्याची बरणी म्हणजे स्टोनवेअर. पोर्सिलेन वेगळं. केओलिन ही पांढरी माती आणि एक विशिष्ट दगडाची पूड एकत्र करून साधारण १३०० अंश सेल्सियसला भाजलं की ते काचेसारखं घट्ट होतं. चीनमध्ये जियांगशी प्रांतातलं जिंगदेझेन हे त्याचं माहेरघर.

ओळखायला दोन गोष्टी करा. फोनचा टॉर्च प्लेटच्या मागे धरा. पातळ पोर्सिलेनमधून उजेड येतो आणि मागे धरलेल्या बोटांची सावली दिसते. मग प्लेट तीन बोटांवर तोलून कडेला नखाने हलकी टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर एक तर ते पोर्सिलेन नाही किंवा कुठेतरी केसभर तडा आहे. दुकानात ही टिचकी विचारून मारा.

बुडाच्या कडेला जिथे ग्लेझ, म्हणजे वरची काचेसारखी झिलई, नसते तिथे मातीचा खरा रंग दिसतो. तिथे बोट फिरवा. जुन्या चिनी भांड्यात ही कड थोडी खरखरीत असते, कधी भट्टीतली रेती चिकटलेली असते, ग्लेझ संपते तिथे तांबूस रेघ असते. बोन चायनाचा पांढरा रंग जरा दुधाळ, उबदार. त्यात जवळपास निम्मी हाडांची राख असते आणि त्याची घडी १८ व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये स्पोडच्या कारखान्यात बसली. तेव्हा बोन चायनाची प्लेट दाखवून कोणी 'चायना का माल, तीनसौ साल' म्हणालं तर हसून पुढे जा. जपानी सातसुमाचंही लक्षात ठेवा. साईच्या रंगाचं, बारीक जाळीदार तडकलेल्या ग्लेझचं, शेवंतीने गच्च भरलेलं ते भांडं देखणं असतं, पण ते पोर्सिलेन नाही, मातीचंच आहे.

रंग कुठे बसलाय

प्लेट खिडकीकडे तिरकी धरा आणि फुलावरून बोट फिरवा. बोटाला काहीच लागलं नाही, रंग काचेच्या आत बुडाल्यासारखा वाटला, तर तो ग्लेझखालचा. कोबाल्टचा निळा असाच असतो. १४ व्या शतकापासून जिंगदेझेनची ओळखच तो निळा. फूल बोटाला उंचवट्यासारखं लागलं तर तो ग्लेझवरचा, मिन्याचा रंग. तो दुसऱ्यांदा कमी आचेवर भाजलेला असतो, म्हणून झिजतो, खरवडतो.

मिन्याच्या रंगांत एक मोठा दुवा आहे. कांगशी सम्राटाच्या काळात (१६६२ ते १७२२) हिरव्याचं राज्य होतं. पारदर्शक हिरवा, त्यासोबत लाल, पिवळा, जांभळट. १७२० च्या आसपास सोन्यापासून केलेला अपारदर्शक गुलाबी आला, आणि त्यात पांढरा मिसळून एकाच पाकळीवर गडद ते फिकट अशी छटा उतरवता येऊ लागली. चित्रकारांची चंगळ झाली. तिथून पुढे पिओनीच्या पाकळ्या खऱ्याखुऱ्या वाटायला लागतात. याचा व्यवहारातला उपयोग असा: बुडावर कांगशीचं नाव आणि वर दुधी गुलाबी छटांची भरगच्च पिओनी असेल, तर ते नाव आदराने किंवा लबाडीने नंतर लिहिलेलं असण्याचीच शक्यता जास्त.

गडद निळा, विटकरी लाल आणि सोनेरी असे तीन रंग एकत्र दिसले की जपानच्या आरिताचा, इमारी नावाने ओळखला जाणारा माल डोक्यात यायला हवा. इमारी हे बंदर, भांडी आरिताची. पण चीननेही त्याची नक्कल केली, नंतर इंग्रजांनीही, त्यामुळे रंगावरून देश ठरवू नका.

आता दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग काढा. ब्रशच्या रेघेला सुरुवात आणि शेवट असतो. कुठे रंग साचतो, कुठे विरतो. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या इंग्लिश निळ्या प्लेटमध्ये बारीक कोरीव रेघा आणि ठिपके दिसतात, आणि कडेच्या नक्षीत दोन कागद जुळवल्याचा सांधा सापडतो. अगदी नव्या मालात वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे समान ठिपके दिसतात. ते स्टिकर. काही प्लेटांवर बाह्यरेषा छापलेली आणि आत रंग हाताने भरलेला असतो. 'हाथ का काम' हे तिथे निम्मं खरं.

फूल ओळखताना पान बघा

हा सगळ्यात मजेचा भाग, आणि इथे घाई करू नका. चित्रकार फुलाच्या बाबतीत सूट घेतो, पाकळ्या वाढवतो, रंग बदलतो. पानात मात्र तो फारशी गडबड करत नाही. म्हणून नजर आधी पानाकडे.

पिओनीचं पान तीन भागांत खोल चिरलेलं असतं, टोकं अणकुचीदार. फूल मोठं, पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या, मध्ये पिवळा पुंजका. गुलाबाच्या पानाला मात्र एका देठावर पाच-सात छोटी पानं, त्यांच्या कडा करवतीसारख्या, आणि देठाला काटे. चिनी भांड्यांवर खराखुरा गुलाबही येतो बरं का. तिथला बारमाही फुलणारा गुलाब. तो कशासाठी येतो ते पुढे बघू.

शेवंतीला आपण ओळखतोच, पण ताटातली, हारातली. चित्रकार ती बाजूनेही काढतो, मागूनही काढतो. एका सकाळी दादरच्या फूलबाजारात जा, शेवंतीची एक जुडी घ्या आणि एकेक फूल फिरवून बघा. मागची हिरवी वाटी, बाहेरच्या पाकळ्यांचं खाली झुकणं, आतल्यांचं मिटून राहणं. पानं शक्यतो असलेली जुडी मागा, कारण शेवंतीचं गोलसर खाचांचं पान एकदा डोळ्यांत बसलं की इमारीच्या गर्दीतही ती लगेच सापडते. तिथेच कमळाच्या कळ्याही मिळतात. कमळाच्या पाकळ्यांवरच्या शिरा टोकाकडे कशा जमतात ते बघून ठेवा, कारण चिनी चित्रकार त्या शिरा अगदी मन लावून काढतो. कमळाचं पान छत्रीसारखं, कडा दुमडलेली, आणि बियांचं बोंड शॉवरच्या तोटीसारखं. बोंड दिसलं की शंका संपली. वेलीवर सलग गुंफलेली, पानं भलतीच असलेली 'कमळं' दिसली तर ती नक्षीतली कमळं. तळ्यात तशी फुलत नाहीत.

प्लम ब्लॉसम हा आलुबुखाराच्या जातकुळीतला बहर. फांदी कोनाकोनाने वाकलेली, पान एकही नाही, पाच गोल पाकळ्या. पाकळीच्या टोकाला खाच असेल तर ती चेरी, आणि मग नजर जपानकडे वळवा. निळ्या, तडकलेल्या बर्फासारख्या पार्श्वभूमीवर पांढरा प्लमचा बहर ही कांगशी काळातल्या आल्याच्या बरण्यांवरची प्रसिद्ध नक्षी. इंग्रज संग्राहकांनी तिला स्वतःच्या कुंपणावरच्या हॉथॉर्नचं नाव दिलं. आपल्याला माहीत असलेलं फूल परक्या फुलावर चिकटवायची सवय फक्त मटन स्ट्रीटची नाही.

चिनी ऑर्किड ओळखायला अवघड, कारण ते गवतासारखं दिसतं: लांब वाकलेली पाती आणि मध्येच एखादं नाजूक फूल. मॅग्नोलिया निष्पर्ण फांदीवर उभ्या, जाडसर पाकळ्यांची. डाळिंब बहुधा उकललेलं, दाणे दाखवणारं. आणि बोटं असलेलं पिवळं लिंबू दिसलं तर दचकू नका, त्याला बुद्धाचा हात म्हणतात.

हे सगळं पुस्तकात बघण्यापेक्षा फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात बघा. सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा या भावांचे संग्रह या संग्रहालयाकडे आले आणि त्यांत चिनी-जपानी वस्तू भरपूर आहेत. एका फेरीत एकच फूल शोधायचं असं ठरवून जा. सगळं बघायला गेलात तर काहीच दिसणार नाही.

शेजारी कोण बसलंय

चिनी सजावटीत फूल एकटं क्वचित बोलतं. अर्थ बहुधा जोडीत असतो, आणि पुष्कळदा तो उच्चाराच्या खेळावर उभा असतो: एका वस्तूचं नाव दुसऱ्या शुभ शब्दासारखं ऐकू येतं, म्हणून ती वस्तू काढायची. कमळाचा उच्चार 'सलग' या शब्दासारखा, माशाचा 'शिल्लक' या शब्दासारखा. म्हणून कमळ आणि मासा एकत्र म्हणजे वर्षानुवर्षं घरात भरभराट. फुलदाणीचा उच्चार 'शांतता' सारखा. बारमाही गुलाब फुलदाणीत ठेवला की चारही ऋतू सुखाचे जावोत. तो मघाचा गुलाब यासाठी. शेवंतीखाली लावा पक्षी असेल तर निवांत, सुखाचं घर. प्लमच्या फांदीवर मॅगपाय हा काळा-पांढरा पक्षी असेल तर आनंदाची बातमी.

वटवाघळाचं आपल्याला विचित्र वाटतं. आपल्याकडे ते घरात शिरलं तर अपशकुन, तिथे त्याचा उच्चार 'भाग्य' या शब्दासारखा, म्हणून लाल वटवाघळं पीचच्या फांदीभोवती मजेत उडताना दिसतात. पीच म्हणजे दीर्घायुष्य. पीच, डाळिंब आणि बुद्धाचा हात ही तीन फळं एकत्र म्हणजे आयुष्य, संतती आणि भाग्य यांची समृद्धी. कमळात बदकांची जोडी असेल तर ती लग्नाची भेट समजायला हरकत नाही.

ऋतूंचाही हिशेब आहे. पिओनी वसंताची, कमळ उन्हाळ्याचं, शेवंती शरदाची, प्लम हिवाळ्याचा. चारही एकाच भांड्यावर दिसली तर चित्रकाराला वनस्पतिशास्त्र येत नव्हतं असं समजू नका. त्याला अख्खं वर्ष द्यायचं होतं. पाइन, बांबू आणि प्लम हे हिवाळ्यातले तीन मित्र, थंडीत न डगमगणारे. जपाननेही ते उचलले आणि शुभकार्यांना वापरले. जपानमध्ये सोळा पाकळ्यांची शेवंती राजघराण्याचं चिन्ह आहे, पण म्हणून शेवंतीची प्रत्येक प्लेट राजवाड्यातली होत नाही. पाकळ्या मोजून किंमत वाढवणारे विक्रेते भेटतात.

कुणासाठी रंगवलं

हा प्रश्न बहुतेक जण विचारत नाहीत. निर्यातीच्या मालात फुलं गिऱ्हाइकाच्या आवडीने येतात. १९ व्या शतकात जिंगदेझेनमधून कोरी पांढरी भांडी दक्षिण चीनमधल्या कॅन्टन बंदरात येत, तिथे रंगवली जात आणि जहाजांत चढत. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा त्या काळी कॅन्टनशी थेट व्यवहार होता. सर जमशेटजी जीजीभॉय स्वतः अनेकदा चीनला जाऊन आले. त्याच वाटेने गारा साडीवरचं भरतकाम आलं, आणि त्यावरही हीच पिओनी, हीच शेवंती, हेच पक्षी. एखाद्या पारशी ओळखीच्या घरी जुना गारा बघायला मिळाला तर प्लेटशेजारी ठेवून बघा. एकच चित्रभाषा रेशमावर आणि मातीवर कशी उतरते ते कळतं.

युरोपची गोष्ट निराळी. जर्मनीतल्या माइसेनचा कारखाना १७१० साली सुरू झाला. तिथे आधी पूर्वेकडच्या भांड्यांवरून फुलं काढली आणि त्यांना 'इंडियन फुलं' म्हटलं. आपल्याशी त्यांचा काही संबंध नाही. माल ईस्ट इंडिया कंपन्यांच्या जहाजांतून यायचा एवढंच. १७४० च्या सुमारास मात्र बागेतली ट्युलिप, गुलाब निसर्गात दिसतात तशी काढायला सुरुवात झाली. तिथे चिनी अर्थ शोधू नका. माइसेनचीच 'निळा कांदा' नावाची नक्षी प्रसिद्ध आहे. तिच्यात कांदा नाहीच, चिनी भांड्यावरची डाळिंबं आणि पीच बघून काढलेली फळं आहेत. ही नक्षी पुढे कितीतरी कारखान्यांनी उचलली, म्हणून कांदा दिसला की माइसेन असं ठरवू नका.

तिसरा प्रकार म्हणजे शास्त्रासाठी काढलेलं फूल. लंडनच्या चेल्सी कारखान्याने १७५० च्या दशकात वनस्पतीचित्रांवरून प्लेटा केल्या: मूळ, खोड, बी, किडा, सगळं. तो किडा कधीकधी भट्टीतला डाग झाकायला काढलेला असतो. प्लेट तिरकी करून किड्याखाली खड्डा आहे का बघा. कोपनहेगनच्या राजकारखान्याने १७९० ते १८०२ या काळात 'फ्लोरा डॅनिका' ही मोठी जेवणाची भांडी डेन्मार्कच्या वनस्पतींवरून रंगवली आणि मागे प्रत्येकीचं लॅटिन नाव लिहिलं. मागे लॅटिन नाव असेल तर तिथे प्रतीक शोधणं व्यर्थ. ती वनस्पती आहे, शुभेच्छा नाही.

बूड उलटा

चिन्ह बघायचं, पण त्यावर विश्वास शेवटी ठेवायचा. कांगशी काळातले कुंभार दोनशे वर्षांपूर्वीच्या, आधीच्या मिंग घराण्यातल्या सम्राटाचं नाव लिहीत, १९ व्या शतकातले कांगशीचं. माइसेनच्या एकमेकींवर टेकलेल्या तलवारीही बऱ्याच जणांनी उचलल्या.

देशाचं नाव जास्त उपयोगी. अमेरिकेने १८९० च्या कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, त्यामुळे 'इंग्लंड' किंवा 'चायना' असा शिक्का बहुधा १८९१ नंतरचा. 'निप्पॉन' १९२१ पर्यंत, पुढे 'जपान'. 'ऑक्युपाइड जपान' म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची वर्षं. 'चेकोस्लोव्हाकिया' १९१८ च्या आधीचं असूच शकत नाही. मुंबईतल्या जुन्या घरांतून निघणारे चहाचे सेट बऱ्याचदा याच काळातले असतात. इंग्लिश मालावर हिऱ्याच्या आकाराचं नोंदणीचिन्ह असेल तर नक्षीची नोंद १८४२ ते १८८३ मधली, आणि नुसता नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ नंतरची. शिक्का नसणं हा मात्र कशाचाच पुरावा नाही.

एक प्लेट, पहिल्यापासून

आत्ता टेबलावर असलेली प्लेट घेऊ. टिचकीला खणखणीत, टॉर्चला उजेड देते. रंग ग्लेझवरचा, गुलाबी बोटाला लागतो. मध्ये सोनेरी वर्तुळात पक्षी आणि एक मोठं गुलाबी फूल. भोवती चार चौकटी, दोन चौकटींत ओसरीवर बसलेल्या बायका, दोन चौकटींत फुलं, पोपटी पक्षी आणि फुलपाखरं. चौकटींच्या मधली जागा सोनेरी, त्यावर हिरव्या वेली.

भिंगाखाली पाकळीची छटा ब्रशची, कडेला गडद आणि आत विरत गेलेली. पान तीन भागांत चिरलेलं, म्हणजे पिओनी. फुलपाखराचा उच्चार चिनीत सत्तर-ऐंशीच्या वयाशी जुळतो, तेव्हा पिओनीशेजारी ते म्हणजे श्रीमंती आणि लांब आयुष्य. पण चित्रकाराने फुलपाखरं जिथे जागा मोकळी राहिली तिथे टाकलीत, एक तर अर्धं चौकटीबाहेर गेलंय. हा माल घाईने, निर्यातीसाठी भरलेला. 'रोज मेडॅलियन' म्हणतात तो प्रकार. मागे शिक्का नाही, बुडाची कड खरखरीत, आणि सोनेरी कड अंगठा पडतो तिथेच जास्त झिजलेली. खोटी झीज सगळीकडे सारखी असते. माझा निष्कर्ष: कॅन्टनचं काम, १९ व्या शतकाचा उत्तरार्ध, अर्थ शुभ पण ढोबळ. यापेक्षा जास्त सांगणाऱ्याकडून मी प्लेट घेणार नाही.

घेताना आणि सांभाळताना

मटन स्ट्रीटला शुक्रवार सोडून जा, त्या दिवशी दुकानं बंद आणि रस्त्यावरचा बाजार भरलेला असतो. खिशात अतिनील टॉर्च असू द्या. नवी डागडुजी, रेझिन आणि वरून मारलेला रंग त्याखाली वेगळा चमकतो. टवका उडालेली प्लेट अभ्यासाला उत्तम आणि स्वस्त पडते. पहिल्या काही प्लेटा तशाच घ्या.

जुन्या मिन्याच्या रंगांत शिसं असतं, म्हणून त्यात लिंबू, चिंच, लोणचं वाढू नका. खरं तर जेवायला वापरूच नका. सोनेरी कड मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या देते. धुवायला कोमट पाणी, साधा साबण, टबात टॉवेल अंथरून. मुंबईच्या दमट हवेने पोर्सिलेनला काही होत नाही, पण मागे लोखंडी पिना मारून जोडलेली प्लेट असेल तर पावसाळ्यात पिनांना गंज चढतो आणि डाग आत उतरतो. अशी प्लेट कोरड्या कपाटात ठेवा. भिंतीवर लावायच्या स्प्रिंगच्या तारा टाळा, त्या कडेला सतत ओढतात.

आणि परदेशातल्या मुलीला आजीची प्लेट कुरिअर करायच्या आधी थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांची किंवा त्याहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेताच येत नाही. प्लेट तेवढी जुनी नाही असं तुम्हाला वाटत असेल तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून तसा दाखला घ्या. अर्जासोबत पुढून, मागून आणि बुडाच्या कडेचा असे तीन स्वच्छ फोटो जोडा.